आरशावरची चादर

“शैले, तोंडात सुपारी धरून वाचतेयस का गं?”

माझ्या आजाराचं पहिलं निदान हे असं झालं, आणि तेही ज्यांना दिसत नाही त्यांच्याकडून. माझ्या सासूबाईंची दृष्टी काचबिंदूने गेली, त्याला बरीच वर्षं झाली. रोज सकाळी चहानंतर मी त्यांना वाचून दाखवते. चेन्नईतल्या अंबत्तूर भागात आमचा फ्लॅट आहे. त्याची बाल्कनी, त्यांची वेताची खुर्ची, माझं स्टूल. त्या सकाळी नदीकाठच्या प्रवासाचं एक जुनं पुस्तक चाललं होतं. ‘पूल’ म्हणायला गेले तर ओठांतून नुसती हवा गेली. पुढच्या ओळीतला ‘बैल’ही तसाच निसटला.

“सुपारी कुठली आई, सकाळीच,” मी म्हटलं. तेसुद्धा ओलसर, गळकं ऐकू आलं.

“मग चूळ भरून ये.”

चूळ भरली तर पाणी तोंडात थांबेना. डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर आणि तिथून पदरावर.

दुसरं कोणी असतं तर आरशाकडे धावलं असतं. आमच्या घरातल्या आरशावर तेव्हा चादर होती. तिच्याबद्दल पुढे लिहीन. मी जिना उतरले आणि खालच्या मजल्यावरच्या जयाम्मांचं दार वाजवलं. त्यांनी दार उघडलं, आणि त्यांचा चेहरा पाहून मला माझा कळला.

दवाखान्यातला दिवस

माझे यजमान जवळच्याच आवडी गावातल्या कारखान्यात इंजिनियर होते. निवृत्त झाल्यावर आम्ही महाराष्ट्रात परत जायचं ठरवत ठरवत इथेच राहिलो. आम्हांला मूल नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत ते भाजी निवडता निवडता गेले. गवारीच्या शेंगांचं ताट मांडीवर होतं. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. मी रडले नाही. आई रडल्या, भावजी रडले, जयाम्मा रडल्या. मी सगळ्यांना पाणी दिलं. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं, त्यामुळे गप्प बसायची सवय होतीच.

मे महिन्यात चेहरा गेला.

रिक्षात जयाम्मा माझा हात धरून एकच शब्द म्हणत होत्या, “पयप्पडादींग, पयप्पडादींग.” घाबरू नका. दोघींच्याही मनात एकच होतं: अर्धांगवायू. मी हाताची बोटं उघडून मिटून पाहत होते. पाय हलतोय ना, हे चपलेतला अंगठा वर करून बघत होते. आणि विचार एकच, की मी पडले तर आईंना अंघोळीला कोण नेणार.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला भुवया वर करायला सांगितल्या. मग डोळे घट्ट मिटायला, दात दाखवायला, गाल फुगवायला. मग खुर्ची मागे घेऊन म्हणाले, “मेंदूला काही झालेलं नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे. बहुतेक लोक बरे होतात. वेळ लागतो.”

मी रुमालाने हनुवटी पुसली.

“अलीकडे काही ताण, दुःख?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

जयाम्मांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग छताकडे.

गोळ्या दिल्या, डोळ्यांत घालायचे थेंब दिले, व्यायाम शिकायला खालच्या मजल्यावर पाठवलं. ज्यांच्यावर ही वेळ नुकतीच आली असेल त्यांना माझं पहिलं सांगणं हेच: त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. ‘वारं लागलं असेल, शेकून बघू’ म्हणत थांबू नका. मला तसं सांगणारे पुष्कळ भेटले.

डोळा

चेहरा वाकडा झाला याचं जितकं वाईट वाटतं, त्याहून जास्त हाल डोळ्याचे होतात. तो मिटतच नाही. मे महिन्यातल्या चेन्नईत पंखा बंद ठेवून जगता येत नाही, आणि पंख्याखाली उघडा डोळा वाळून खुपायला लागतो. शेवटी पंखा आईंच्या बाजूला वळवला आणि मी कागदी चिकटपट्टीने पापणी बंद करून झोपायला शिकले.

दिवसा त्याच डोळ्यातून पाणी वाहायचं. एरवी ओरडून पैसे मागणारा रिक्षावाला मला बघून मऊ व्हायचा. दुकानदार सुट्टे परत करताना हळू आवाजात बोलायचा. सगळ्यांना वाटायचं, बाई रडतेय. नवरा गेलेल्या बाईने रडावं हे सगळ्यांना पटत होतं. मी पदराने डोळा टिपायचे आणि म्हणायचे, नसेचं आहे.

जेवताना घास डाव्या गालात अडकून राहायचा. चहा पिताना टॉवेल लागायचा. म्हणून मी कोणासमोर काही खाईनाशी झाले. जयाम्मांनी ते ओळखलं आणि एक दिवस त्यांनी मला कॉफीला बसवलं. इथे पुष्कळ घरांत पेला ओठांना लावत नाहीत. मान मागे टाकून वरून धार सोडतात. माझी आपली ओठ लावून पिण्याची सवय. इतकी वर्षं त्यावरून त्यांनी मला ऐकवलं होतं, “तुम्ही महाराष्ट्राचे लोक सगळं उष्टं करता.” त्या दिवशी त्या म्हणाल्या, “आता तरी शिका. ओठच नको ना तुम्हांला, मग वरून ओता.”

पहिली धार नाकावर गेली. दुसरी गळ्यात. तिसरी बरोबर आत. कोमट, गोड कॉफी, एक थेंब न सांडता. जयाम्मांनी टाळी वाजवली. मला हसू आलं. म्हणजे उजवीकडे आलं.

भावजींचा फोन

भावजी, म्हणजे माझे दीर, नाशिकला असतात. माणूस प्रेमळ, पण फोनवर घाईत. आजाराचं कळल्यावर त्यांचा फोन आला.

“वहिनी, आता तुम्ही एकट्या, त्यात हे असं. तुमच्याच्याने आईचं होणार नाही. दादाच्या वर्षश्राद्धाला येतो तेव्हा आईला घेऊनच जातो.”

मला म्हणायचं होतं, भावजी, आई माझ्यापाशीच राहू देत. पण पहिल्याच अक्षराला ओठ जुळले नाहीत.

“काय? आवाज तुटतोय.”

मी पुन्हा प्रयत्न केला.

“वहिनी, ऐकू येत नाहीये. राहू दे, दमू नका. ठरलं मग.” आणि त्यांनी फोन ठेवला.

आई बाल्कनीत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “पुस्तक अर्धं राहिलंय गं. पूल ओलांडला की नाही त्या माणसाने, कोण जाणे.”

मी वाचन थांबवलं होतं. आईंना ते शब्द लागेनात आणि मला ते ऐकवेनात. आता कळलं, की मला ते अक्षर परत मिळवायला हवं, आणि मुदत वर्षश्राद्धापर्यंतची आहे.

फुगे

व्यायाम शिकवणारी हेमा तंजावरच्या जुन्या मराठी घरातली निघाली. तिचं मराठी आजीकडून आलेलं. शब्द आपले, चाल तमिळ. अडलं की सरळ तमिळमध्ये जायची. मला ‘मामी’ म्हणायची, इथल्या रिवाजाप्रमाणे.

“मेदुवा, मामी, मेदुवा,” हे तिचं पालुपद. सावकाश. तिने माझ्या हातात आरसा दिला. मी चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्मा काढला की मला आरशात एक गव्हाळ डाग दिसतो, बाकी काही नाही. तिला वाटलं, डोळ्याच्या व्यायामासाठी काढला. तिने शिकवलं: भुवई थोडी उचलायची, नाक किंचित आक्रसायचं, ओठ मिटून हळूच हसायचं, ओठांचा चंबू करायचा. हालचाल मोहरीएवढी आली तरी चालेल, पण दोन्ही बाजू सारख्या हव्यात. चांगली बाजू धावायला लागली की तिला बोटाने थांबवायचं.

“घरी आरशासमोर. आरसा नाही तर व्यायाम नाही. सरी? ठीक?”

“हो,” मी म्हटलं.

आता चादरीचं सांगते. घरात कोणी गेलं की सुतकात आरसा झाकायचा, ही आमच्याकडची पद्धत. तेराव्यानंतर जाऊबाईंनी चादर काढून घडी घातली होती. त्या नाशिकला गेल्या त्याच दिवशी मी ती परत घातली. बेसिनवरचा छोटा आरसा काढून माळ्यावर ठेवला. लग्न झाल्यापासून रोज सकाळी मी कपाटाच्या मोठ्या आरशासमोर कुंकू लावायचे आणि त्याच आरशात मागे दाढी करणारे ते दिसायचे. त्या काचेत आता काय बघायचं, हा प्रश्न मी सोडवला नाही, झाकून ठेवला.

म्हणून व्यायाम मी स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून करायचे. शाळेत होते तेव्हापासूनची सवय, सांगितलं त्याच्या दुप्पट करायचं. त्यात जाऊबाईंचा निरोप आला, “अहो, फुगे फुगवा! आमच्या ओळखीतल्या एकांचं तोंड त्यानेच सरळ झालं. आणि च्युइंगम चघळा. जोर लावायचा चांगला.” मी कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगीत फुगे आणले. एक फुगा हातातून सुटून घरभर फर्रर्र करत फिरला आणि आईंच्या पायाशी पडला.

“कोणाचा वाढदिवस आहे?” आई म्हणाल्या.

पण उन्हाळा सरता सरता गाल हलायला लागला. पापणी जवळजवळ मिटू लागली. मला वाटलं, फुग्यांना यश आलं. परतीचा पाऊस सुरू झाला तेव्हा मी मोठ्या दिमाखात हेमासमोर जाऊन हसले.

तिचा चेहरा पडला.

“मामी, हसलात की डोळा मिटतोय.”

“मिटतोय ना? आधी मिटत नव्हता.”

“तसा नाही.” तिने माझा हात घेऊन माझ्याच डाव्या गालावर ठेवला. “पुन्हा हसा. इथे बघा, ओठ वर गेला की पापणी खाली येते. नस परत येताना वाट चुकली. ओठाची डोळ्याकडे गेली. थोडं असं कोणालाही होतं. जोर लावला की वाढतं.” मग तिने विचारलं, “आरशात बघून करता ना?”

“करते.”

तिने खुर्ची माझ्यासमोर ओढली. वयाने माझ्या भाचीएवढी असेल. “मामी, हात कुठे आहे ते हाताला कळतं. डोळे मिटले तरी घास तोंडात जातो. चेहऱ्याला स्वतःचं तसं काही कळत नाही. त्याला बघूनच सांगावं लागतं. आता फुगे नको, जोर नको. पोदुम, पुरे. फक्त आरसा, आणि मेदुवा.”

बसमध्ये खिडकीची काच पावसाने धुरकट झाली होती. तीही मी पुसली नाही.

आई

घरी आल्यावर आईंना सगळं सांगितलं. आरशाचं सोडून.

त्या ऐकत होत्या. मग खुर्चीवरून उठल्या आणि भिंतीला हात लावत चालू लागल्या. मला वाटलं, बाथरूमला. त्या आमच्या खोलीत गेल्या, कपाटाशी थांबल्या आणि त्यांचा हात चादरीवर गेला.

“ही रोज हाताला लागते माझ्या,” त्या म्हणाल्या. “येता जाता. पमा गेला तेव्हापासून.”

पमा म्हणजे त्यांचा मुलगा, माझे यजमान.

“तुम्हांला ठाऊक होतं?”

“भिंत चाचपत हिंडणाऱ्या बाईला कापड आणि काच कळत नाही होय?” त्या पलंगाच्या कडेला बसल्या. “बोलले नाही. म्हटलं, काढेल तिची ती. तुझे सासरे गेले तेव्हा मी पण बघणं सोडलं होतं. कोणी विचारलं नाही, बाईने विधवा झाल्यावर आरशात कशाला बघायचं, असंच सगळ्यांना वाटायचं. मग पुढे डोळेच गेले. आता मला माझं तोंड आठवत नाही शैले. चाळिशीतलं आठवतं, त्यानंतरचं नाही. म्हातारी झाले ती कशी दिसते, मला माहीत नाही.”

मी चादरीचं टोक हातात धरलं.

“तू काढ ती. नाहीतर मी ओढते, आणि मग कपाटावरचं सगळं सामान अंगावर येईल.”

मी चादर काढली. चष्मा घातलेला होता.

समोर एक बाई होती. कपाळ मोकळं. डावी भुवई उजवीपेक्षा खाली, डावा गाल थोडा ताठ, त्या बाजूची नाकाजवळची रेघ खोल. केस मला वाटलं होतं त्याहून पांढरे. तिच्यामागे दाढी करणारं कोणी नव्हतं. पलंगावर एक म्हातारी बाई बसली होती, तोंड माझ्या दिशेला, पण जरा चुकलेलं.

तेव्हा मी रडले. दोन्ही डोळ्यांनी. चेहरा वेडावाकडा होत होता, आणि तो मी बघत होते.

आईंनी थांबवलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “झालं असेल तर ये इकडे. बघू काय करून ठेवलंयस.”

त्यांनी दोन्ही हातांची बोटं माझ्या दोन्ही गालांवर ठेवली. कापसाच्या वाती वळून वळून ती बोटं मऊ झाली आहेत. “हस,” त्या म्हणाल्या. मी हसले. “ही उजवी फार पुढे पुढे करतेय. हिला गप्प बसव. हं, आता पुन्हा. थोडंसंच.”

तेव्हापासून तोच आमचा पाठ झाला. माझ्यासमोर आरसा, गालांवर त्यांची बोटं. पापणी खाली यायला लागली की मला दिसायचं आणि त्यांना कळायचं, आणि मी तिथेच थांबायचे. मोहरीएवढं हसू. मग हळूहळू मुगाएवढं.

हेमाने पुढे ओठ जुळणारे शब्द म्हणायला सांगितले. प, ब, म. मी आठवत बसले: पाणी, बाजार, मीठ.

“कसले ते शब्द, किराणा आणल्यासारखे,” आई म्हणाल्या. “पमा म्हण ना. प आणि म दोन्ही आहेत त्यात.”

मी आरशात आईंकडे पाहिलं. उभ्या संसारात मी यजमानांना ‘अहो’ म्हटलं. नाव घेतलं ते लग्नात, उखाण्यापुरतं; नंतर कधी गरज पडली नाही. आणि हे तर त्यांच्या आईचं लाडाचं नाव.

“मी कसं म्हणू?”

“कसं म्हणजे? हळू. ती मुलगी सांगते तसं.”

मी म्हटलं. पहिल्यांदा नुसता ‘अमा’ आला. दुसऱ्यांदा हवा गेली. आईंनी डाव्या ओठाच्या कडेला बोटाचा अलगद आधार दिला. पमा. मग आधाराशिवाय. पमा. आईही माझ्याबरोबर म्हणू लागल्या. दोन बायका आरशासमोर बसून एका माणसाला हाक मारत होत्या. मग मी पूर्ण नाव घेतलं. पद्माकर. आता लिहिताना अडखळत नाही.

डिसेंबरात इथला मार्गळीचा महिना लागला. सकाळी जयाम्मा दारापुढे कोलमची रांगोळी काढायच्या तेव्हा वर आमच्या बाल्कनीत वाचन परत सुरू झालं होतं. तो माणूस पूल ओलांडून पलीकडच्या गावात पोचला.

वर्षश्राद्ध

फेब्रुवारीत भावजी आले. आईंसाठी त्यांनी परतीचं तिकीट काढूनच आणलं होतं. श्राद्ध त्यांनीच केलं. मी गवारीची भाजी केली. वर्षभरात पहिल्यांदा गवार घरात आली. जेवणं झाली, गुरुजी गेले, भावजींनी आईंची जुनी बॅग माळ्यावरून काढली. तिच्या मागे ठेवलेला बेसिनवरचा आरसाही खाली आला.

“हा कुठे लावायचा, वहिनी?” त्यांनी विचारलं.

मी तो हातात घेतला. फोनवर जे वाक्य पहिल्याच अक्षराला अडलं होतं ते मी महिनेच्या महिने आरशासमोर म्हणत आले होते. पण तेव्हा समोर भावजी नव्हते.

“भावजी,” मी म्हटलं. भ नीट आला. “आई माझ्यापाशीच राहतील.”

ते गोंधळले. “अहो, पण मागे फोनवर ठरलं होतं ना?”

“तेव्हा मला बोलता येत नव्हतं.”

“तुमच्यावर भार नको म्हणून म्हणत होतो मी.”

“भार नाही. त्या मला शिकवतात.”

भावजी आईंकडे वळले. “आई, तुझं काय?”

“मला विचारलंस होय?” आई म्हणाल्या. “बरं झालं. तिकीट काढायच्या आधी विचारलं असतंस तर तुझी धावपळ वाचली असती. उन्हाळ्यात ये, दोघींना घेऊन जा, आंबे खायला घाल. आणि परत आणून सोड. पुस्तक अर्धं आहे माझं.”

भावजी हसले आणि मग त्यांचे डोळे भरले. बॅग त्यांनीच पुन्हा वर ठेवली.

माझा चेहरा पूर्ण पूर्वीसारखा झालेला नाही. दमले की डावी बाजू जड होते. खूप हसू आलं की डावा डोळा अजून अर्धा मिटतो. हेमा म्हणते, आणखी सुधारेल, किंवा इतकंच राहील. दोन्हींची तयारी ठेवा. ज्यांचा व्यायाम आत्ता सुरू आहे त्यांनी जोर लावू नये, आणि आरशापासून पळू नये, एवढं मात्र मी खात्रीने सांगते. एकट्याने बघवत नसेल तर कोणाला तरी शेजारी बसवा. त्यांना दिसलंच पाहिजे असं नाही.

भावजी नाशिकला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तक उघडलं. आईंची तक्रार होती की भावजी होते तेवढे दिवस रात्रभर घोरत होते, “अगदी पमासारखा.” मला हसू आवरेना. आईंचा हात चाचपत माझ्या गालापर्यंत आला.

“डोळा मिटला बघ तुझा.”

“मिटू दे, आई.”

“मिटू दे,” त्या म्हणाल्या आणि हात मागे घेतला. “वाच आता.”